बीजगणिताची भीती आणि आईची पंधरा मिनिटं

मुलगी आठवी-नववीत गेली की घरात एक नवाच सूर ऐकू येतो. "आई, मला बीजगणित नाही गं जमत!" आतापर्यंत पाढे, बेरजा-वजाबाक्या, सरळव्याज सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग वहीत आकड्यांच्या शेजारी अक्षरं येऊन बसतात आणि पोरीचा चेहरा उतरतो. अशा वेळी आपणही पटकन म्हणून जातो, "जाऊ दे गं, मलाही कधी जमलं नाही." सहज म्हटलेलं हे वाक्य मुलीला फार महागात पडतं. गणित न येणं आपल्या घराण्यातच आहे, अशी तिची खात्री होऊन बसते.

महाड-पोलादपूरकडच्या आयांनी तर याचा जरा जास्तच विचार करायला हवा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. जवळच लोणेऱ्याला १९८९ साली स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. म्हणजे शिक्षण आणि नोकरी दोन्ही घरापासून हाकेच्या अंतरावर. पण त्या दाराची किल्ली गणित ही आहे. दहावीनंतर डिप्लोमाला जायचं तर दहावीचे गुण बघतात. त्यात गणिताचे शंभर गुण: बीजगणिताच्या भाग १ ला ४०, भूमितीच्या भाग २ ला ४० आणि शाळेकडचे २०. डोंगरातल्या वाड्यांवरून शाळेला येणाऱ्या मुलींना एस.टी.चा पास मोफत मिळतो, क्लासची फी मात्र कुणी माफ करीत नाही. तेव्हा सराव घरीच झाला पाहिजे, आणि तो करून घेणं तुम्हाआम्हाला सहज जमण्याजोगं आहे.

क्ष म्हणजे कोण?

दुकानातून मुलगा तीन किलो तूरडाळ घेऊन आला. तुम्ही पाचशेची नोट दिली होती, एकशे चाळीस परत आले. भाव काय लागला? पाचशेतून एकशे चाळीस वजा, राहिले तीनशे साठ, त्याचे तीन भाग, म्हणजे किलोला एकशे वीस. हे गणित तुम्ही पिशवी रिकामी करता करता करता. तेच वहीत असं लिहितात:

३क्ष + १४० = ५००

क्ष म्हणजे ठाऊक नसलेला भाव. पुस्तकात त्या जागी इंग्रजी एक्स असेल, तरी माणूस तोच! मुलीला आधी एवढंच पटवा, की क्ष हे कोडं नाही, अजून न कळलेल्या आकड्याचं तात्पुरतं नाव आहे.

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. 'लीलावती' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणित' या ग्रंथात पहिल्या अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हटलं, म्हणजे 'जेवढी असेल तेवढी'. दुसरी, तिसरी, चौथी अज्ञात संख्या आली की तिला रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. काळी, निळी, पिवळी! त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. तेव्हा हा विषय परका मुळीच नाही.

तराजू डोळ्यांपुढे आणा

समीकरणातलं 'बरोबर'चं चिन्ह म्हणजे तराजूची दांडी. एका पारड्यात नाचणीच्या सारख्या वजनाच्या तीन पिशव्या आणि एक किलोचं वजन. दुसऱ्यात सात किलोची वजनं. दांडी सरळ आहे.

३क्ष + १ = ७

दोन्हीकडचं एकेक किलो उचला: ३क्ष = ६. आता दोन्हीकडचे तीन-तीन भाग करा: क्ष = २. पिशवी दोन किलोची. उत्तर परत घालून बघा: तीन पिशव्यांचे सहा, आणि एक, सात. जमलं!

'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हा नियम मुली पाठ करतात आणि घोटाळा करतात. कुणी ७ मधून १ वजा करते आणि पाठोपाठ ३ सुद्धा वजा करून क्ष = ३ लिहिते. तिला विचारा, "तीन पिशव्यांचं वजन सहा, तर एकीचं किती?" चूक तिची तिलाच सापडेल. 'एका पारड्यात जे केलंस ते दुसऱ्यातही कर' एवढं ध्यानात राहिलं की वेगळा नियम घोकावा लागत नाही.

नेहमीच्या तीन चुका

पहिली: ३क्ष + २ यांची बेरीज ५क्ष करणं. तीन वाट्या तांदूळ आणि दोन वाट्या डाळ मिळून पाच वाट्या तांदूळ होतात का? खिचडी होईल, पण मोजताना दोन्ही वेगळेच. ३क्ष + २क्ष असेल तरच ५क्ष.

दुसरी: कंसाबाहेरचा आकडा पहिल्याच पदाला देणं. एका ताटात क्ष मोदक आणि ३ करंज्या, अशी दोन ताटं. दोन्ही ताटांत मिळून करंज्या सहा होतात, तीन नव्हे. म्हणून २(क्ष + ३) = २क्ष + ६.

तिसरी: कंसाआधीचं वजा चिन्ह विसरणं. १० − (क्ष − ४) म्हणजे १० − क्ष + ४. समजा, डाळीला क्ष रुपये लागतात आणि दुकानदार चार रुपये सूट देतो. तुमच्याकडचे दहा रुपये कमी होताना ते चार तुमच्याच बाजूला राहतात ना? म्हणून ते अधिक. हे एकदा पटलं की पुढची पानं भराभर सुटतात.

शाब्दिक उदाहरण: आधी वाच, मग लिही

खरी रड इथेच. समीकरण मांडून दिलं तर मुली सोडवतात, पण मांडायचं म्हटलं की पेन थांबतं. यावर चार पायऱ्या ठरवून द्या. उदाहरण दोनदा मोठ्याने वाचायचं. काय काढायचं त्याला क्ष हे नाव द्यायचं. एकेका वाक्याचं समीकरण करायचं. शेवटी उत्तर पुन्हा उदाहरणात घालून पडताळायचं.

नमुना आपल्या रोजच्या प्रवासातला घेऊ. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. पोलादपूरहून महाडला निघालेल्या गाडीत ३४ उतारू आहेत. हिशेबाला सोपं म्हणून पूरं तिकीट ४० रुपये आणि अर्धं २० धरू. पासवाले आणि बाकीच्या सवलती बाजूला ठेवू. कंडक्टरकडे ९६० रुपये जमले, तर अर्धी तिकिटं किती?

पुरी तिकिटं क्ष, अर्धी य.
उतारूंचं वाक्य: क्ष + य = ३४
पैशांचं वाक्य: ४०क्ष + २०य = ९६०

दुसऱ्याला २० ने भागा: २क्ष + य = ४८. यातून पहिलं वजा करा: क्ष = १४, म्हणून य = २०. पडताळा: १४ पुऱ्या तिकिटांचे ५६०, २० अर्ध्यांचे ४००, एकूण ९६०. नववी-दहावीतलं 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हे भारदस्त नावाचं प्रकरण म्हणजे हेच, बरं का!

आता एक फसवं उदाहरण. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर ४० किलोमीटर धरा. चढताना जीप ताशी २० किलोमीटर गेली, उतरताना ताशी ४०. सरासरी वेग किती? दहापैकी नऊजणी चटकन 'तीस' म्हणतील. पण जायला दोन तास लागले, यायला एक. ८० किलोमीटरला तीन तास, म्हणजे ताशी साधारण २६.७ किलोमीटर. हळू गाडीत वेळ जास्त गेला, हे विसरून चालत नाही. असं एखादं उदाहरण मुलीने वडिलांना घालावं. वडील चुकले तर तिचा हुरूप दुप्पट होतो!

विजेचं बिल आणि फलन

'फलन' हा शब्द वरच्या वर्गात भेटतो, पण कल्पना आजच देऊन ठेवा. गिरणीत धान्य घातलं की पीठ येतं. तसं एक आकडा घातला की ठराविक रीतीने दुसरा आकडा बाहेर पडतो, ते फलन. विजेच्या बिलात स्थिर आकार असतो आणि वर युनिटप्रमाणे आकार. समजा, स्थिर आकार १२० रुपये आणि युनिटला ६ रुपये:

य = १२० + ६क्ष

शून्य युनिटला १२०, पन्नासला ४२०, शंभरला ७२०. हे तीन बिंदू आलेख-कागदावर मांडायला सांगा, सरळ रेषा येईल. गावाला जाऊन घर महिनाभर बंद असलं तरी बिल शून्य का येत नाही, हेही तिला त्या रेषेत दिसेल. खऱ्या घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर वाढतो, म्हणून तिथून रेषा जास्त चढी होते. महावितरणचं जुनं बिल मुलीच्या हाती द्या आणि हिशेब तपासायला लावा. सरावही होईल आणि घरात एक हिशेबनीसही तयार होईल.

रोजची पंधरा मिनिटं

रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं बरी. दोन साधी समीकरणं, एक शाब्दिक उदाहरण, बस. तुम्ही भाकऱ्या थापा, तिला शेजारी बसवून रीत मोठ्याने सांगायला लावा. तुम्हाला उत्तर माहीत नसलं तरी बिघडत नाही. "हे असं का केलंस?" आणि "उत्तर परत घालून पाहिलंस का?" हे दोन प्रश्न विचारता आले की झालं. चूक झाली तर खोडरबर देऊ नका. चुकलेली ओळ राहू द्यावी आणि खाली बरोबर लिहावं. महिन्याभराने तीच वही उघडली, की कोणती चूक पुन्हापुन्हा होते ते कळतं.

पहिल्या आठवड्यासाठी पाच उदाहरणं

१. ५क्ष − ३ = ३२, तर क्ष किती?

२. आईचं वय मुलीच्या तिप्पट आहे. चौदा वर्षांनी ते दुप्पट होईल. आजची वयं काढा.

३. बचतगटात १२ जणी आहेत. आधीची शिल्लक १,५०० रुपये. प्रत्येकीने दरमहा सारखी रक्कम भरली आणि सहा महिन्यांनी ८,७०० रुपये झाले. दरमहा वर्गणी किती?

४. कोकम सरबताच्या २० बाटल्या विकल्या. लहान ६० रुपयांना, मोठी १०० रुपयांना. एकूण १,५२० रुपये आले. लहान किती, मोठ्या किती?

५. वरच्याच दराने बिल ५४० रुपये आलं, तर युनिट किती जळले?

उत्तरे: (१) ७. (२) मुलगी १४, आई ४२. (३) १०० रुपये. (४) लहान १२, मोठ्या ८. (५) ७०.

उत्तरांवर आधी हात ठेवा! आणि एक पथ्य मात्र कसोशीने पाळा. "मुलीच्या जातीला कशाला एवढं गणित?" असं घरातलं कुणी म्हणालं, तर तिच्यादेखत ठामपणे सांगा, "घरखर्चाचा हिशेब आजवर आम्हीच करत आलो, शाळेतलं गणित तिलाही येईल." मुलीच्या कानावर पडलेलं तुमचं हे बोलणं तिला पुढच्या उदाहरणाला हात घालायला बळ देईल.