मेगाचर्च : वाढती गर्दी आणि मेंढपाळाची सेवा

गेल्या अर्धशतकात जगभरच्या ख्रिस्ती जीवनात एक नवा प्रकार रुजला आहे. त्याला ‘मेगाचर्च’ असे म्हणतात. ज्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये आठवड्याच्या उपासनेला सरासरी दोन हजार किंवा त्याहून अधिक भाविक उपस्थित असतात, त्या चर्चला अभ्यासक हे नाव देतात. केवळ आकडा पाहिला तर आपले काही मोठे धर्मग्रामही या व्याख्येत बसतील. परंतु मेगाचर्च ही सेवाकार्याची एक निराळी पद्धत आहे. तिथे धर्मग्रामाची सीमा नसते. दूरदूरचे लोक आपल्या आवडीने येतात. बहुधा एका प्रभावी प्रवचनकाराभोवती सारा व्याप उभा राहतो. संगीत, प्रकाशयोजना, दूरचित्रवाणी, बालकांसाठी व युवकांसाठी स्वतंत्र वर्ग, नोकरी-व्यवसायाचे मार्गदर्शन असे सर्व काही एकाच छताखाली मिळते.

ही चर्चेस इतकी का वाढली आणि त्यांच्या अनुभवातून ख्रिस्ती सेवाकार्याने काय शिकावे, हे तीन उदाहरणांवरून पाहू या.

सेऊल : तंबूतून महासागर

१९५८ साली दक्षिण कोरियातील सेऊल शहराच्या एका गरीब वस्तीत योंगी चो या तरुण प्रवचनकाराने चोई जा-शिल या महिलेच्या साथीने प्रार्थनासभा सुरू केली. पहिल्या सभेला जेमतेम पाच जण होते. कोरियन युद्ध संपून पाचच वर्षे झाली होती. खेड्यापाड्यांतून लोंढेच्या लोंढे राजधानीत येत होते. गाव सुटलेले, नातलग दुरावलेले, आजार आणि दारिद्र्य पाठीशी लागलेले हे लोक आधार शोधत होते. तो त्यांना या प्रार्थनासभेत मिळाला. पुढे हेच ‘योईडो फुल गॉस्पेल चर्च’ म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्याची सदस्यसंख्या लाखांच्या घरात गेली.

या वाढीचे मर्म भव्य सभागृहात नव्हते. १९६४ च्या सुमारास अतिश्रमाने चो यांची प्रकृती ढासळली. एकट्याने सर्वांची काळजी वाहणे अशक्य आहे, हे ध्यानी आल्यावर त्यांनी घराघरांत भरणारे छोटे गट सुरू केले आणि त्यांचे नेतृत्व मुख्यतः स्त्रियांकडे सोपविले. रविवारी हजारोंच्या गर्दीत हरवणारा माणूस आठवड्यात शेजारच्या घरी नावानिशी ओळखला जाऊ लागला. या मोठ्या चर्चला खऱ्या अर्थाने छोट्या गटांनीच पेलून धरले.

मात्र आर्थिक व्यवहारांवर पुरेसा अंकुश राहिला नाही. चर्चच्या पैशाने चढ्या दराने शेअर्स खरेदी करून चर्चचे नुकसान केल्याबद्दल २०१४ साली न्यायालयाने चो यांना दोषी ठरविले. हे शेअर्स त्यांच्या मुलाच्या मालकीचे होते. २०२१ साली चो यांचे निधन झाले.

शिकागो : गर्दी म्हणजे वाढ नव्हे

१९७५ साली अमेरिकेत शिकागोजवळ बिल हायबेल्स यांनी एका चित्रपटगृहात ‘विलो क्रीक’ चर्च सुरू केले. चर्चला न जाणाऱ्या लोकांना घरोघर जाऊन त्यांनी न जाण्याचे कारण विचारले आणि मिळालेल्या उत्तरांनुसार उपासनेची आखणी केली. नव्या माणसाला संकोच वाटू नये म्हणून वातावरण नाट्यगृहासारखे ठेवले. सुबोध प्रवचने, वाद्यवृंद आणि नाट्यप्रसंग यांची जोड दिली. हजारो लोक येऊ लागले. जगभरच्या अनेक पाळकांनी हा नमुना उचलला.

२००७ साली याच चर्चने आपल्या कार्याची पाहणी प्रसिद्ध केली. कार्यक्रमांतील सहभाग वाढला की देवावरील व शेजाऱ्यावरील प्रेम आपोआप वाढते असे नाही, हा तिचा निष्कर्ष होता. चर्चने तो प्रांजळपणे जाहीर केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. २०१८ साली काही महिलांनी केलेल्या गैरवर्तनाच्या आरोपांनंतर हायबेल्स पायउतार झाले. त्यांनी आरोप नाकारले. परंतु ते विश्वासार्ह असल्याचा निर्वाळा २०१९ साली एका स्वतंत्र सल्लागार गटाने दिला. अशा घटनांविषयी बोलताना आपण बोट दाखविण्याच्या भूमिकेत नाही. आपल्या ख्रिस्तसभेनेही धर्मगुरूंच्या अपराधांची व ते झाकण्याची लज्जास्पद प्रकरणे पाहिली आहेत. जिथे अधिकाराला जाब विचारणारे कोणी नसते, तिथे दुर्बलांचा बळी जातो, हे सर्वांनाच लागू आहे.

कॅलिफोर्निया : काचेचे मंदिर

तिसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. १९५५ साली रॉबर्ट शूलर यांनी कॅलिफोर्नियातील ऑरेंज येथे, मोटारीत बसून चित्रपट पाहण्याच्या खुल्या मैदानात, उपाहारगृहाच्या छपरावर उभे राहून प्रवचन द्यायला सुरुवात केली. लोक मोटारीत बसूनच उपासनेत भाग घेत. १९७० पासून त्यांचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दिसू लागला आणि १९८० साली वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी उभारलेले ‘क्रिस्टल कॅथीड्रल’ खुले झाले. त्याला दहा हजारांहून अधिक काचा बसविल्या आहेत.

शूलर थकल्यावर त्यांची जागा कोणी घ्यायची, यावरून कुटुंबातच तंटा झाला. मुलाकडे सोपविलेली धुरा दोन वर्षांत काढून घेण्यात आली. देणग्या आटल्या, कर्ज वाढले आणि २०१० साली संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताने ही वास्तू व परिसर पावणेसहा कोटी डॉलर्सच्या आसपास किंमत देऊन विकत घेतला. आवश्यक बदल करून १७ जुलै २०१९ रोजी ‘ख्राइस्ट कॅथीड्रल’ या नावाने तिचे समर्पण झाले. ज्या वास्तूच्या केंद्रस्थानी प्रवचनकार होता, तिच्या मध्यभागी आज वेदी आहे. तिथे इंग्रजी, स्पॅनिश, व्हिएतनामी अशा भाषांत मिस्सा साजरी होते. हा कुणावर मिळविलेला विजय नव्हे. एका व्यक्तीवर उभे राहिलेले कार्य त्या व्यक्तीबरोबरच डळमळते, याचे हे उदाहरण आहे.

आपल्यासाठी बोध

मेगाचर्चमध्ये जाणाऱ्यांना ‘भरकटलेले’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते का जातात? २००७ साली ब्राझीलमधील अपारेसिडा येथे लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी या प्रश्नाचा विचार केला. अनेक प्रामाणिक माणसे धर्मसिद्धांतांपेक्षा जगण्यातील कारणांसाठी आपल्याला सोडून जातात, असे त्यांनी नमूद केले. त्या दस्तऐवजाच्या संपादनाची धुरा वाहणारे कार्डिनल बेर्गोलिओ पुढे पोप फ्रान्सिस झाले. २०१३ च्या ‘एव्हांजेली गौदियुम’ या प्रबोधनपत्रात त्यांनी धर्मग्रामातील कोरडे स्वागत आणि कारकुनी वृत्ती यांवर स्पष्टपणे बोट ठेवले.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. वसई-विरार, नवी मुंबई, पुणे येथील नव्या वसाहतींत बाहेरून आलेली कॅथलिक कुटुंबे राहतात. त्यांचा चर्चशी पहिला संबंध पुष्कळदा एखाद्या दाखल्यापुरताच येतो. आजारपणात अथवा नोकरी गेल्यावर त्यांच्या दारी प्रथम कोणी येत असेल, तर तो दुसऱ्या पंथाचा प्रार्थनागट! मग ते तिकडे ओढले गेले, तर दोष कुणाचा?

आपल्याजवळ मोठा ठेवा आहे. प्रभूच्या देहरक्ताची मिस्सा कोणत्याही धर्मगुरूच्या वक्तृत्वावर अवलंबून नाही. धर्मगुरू बदलतात, वेदी तीच राहते. १९८३ च्या धर्मसंहितेचे ५२९ वे कलम प्रमुख धर्मगुरूंनी कुटुंबांना भेटी द्याव्यात, आजारी व मरणासन्न व्यक्तींची विशेष काळजी घ्यावी, असे सांगते. तर ५३७ वे कलम प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, असे बंधन घालते. म्हणजे जवळीक आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी आपल्या व्यवस्थेतच आहेत. त्या कागदावर राहिल्या, तर मात्र हा ठेवा निरुपयोगी ठरेल.

हे काम एकट्या धर्मगुरूंचे नाही. सेऊलच्या स्त्रियांनी जे केले, ते आपले लहान ख्रिस्ती समूह करू शकतात. आपल्या इमारतीत नवे कुटुंब राहायला आले, तर पहिल्या आठवड्यात त्यांची विचारपूस करावी. मिस्सेनंतर अनोळखी चेहऱ्याला नाव विचारावे. अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याची माहिती धर्मगुरूंपर्यंत पोहोचवावी. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे प्रभू येशूने सांगितले आहे. आपल्या धर्मग्रामात किती जणांना अशी हाक ऐकू येते, याचा प्रत्येकाने प्रभूसमोर विचार करावा.