निरोप पोचलाच नाही!

आमच्या घरी चकल्यांचा सोऱ्या वर्षानुवर्षे थोरल्या वहिनींच्या हाती. पण तीन वर्षांपूर्वी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, काही निराळेच घडू लागले. सकाळी भाजणी मळायला बसत तेव्हा वहिनी अगदी धडधाकट. दुपार कलली की हाताला सोऱ्या पेलवेना, पापण्या मिटू लागत, बोलणे नाकात जाई. घटकाभर पडून उठल्या की पुन्हा ठीक!

“वहिनी, तुमचे दुखणे घड्याळ पाहून येते वाटते!” मी सर्वांसमक्ष म्हणालो. घर हसले. वहिनीही हसू गेल्या. पण गालांनी साथ दिली नाही.

पुढे डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले: मायस्थेनिया ग्रेव्हिस. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. विज्ञानाशी माझा संबंध दहावीबरोबरच सुटलेला. परंतु मनाला टोचणी होती, म्हणून पुस्तके चाळू लागलो.

मला आपले वाटे, मेंदू म्हणजे जुन्या काळचे तारऑफिस आणि मज्जातंतू म्हणजे तिथून थेट बोटापर्यंत गेलेल्या तारा. पण गंमत अशी की, ही तार स्नायूला चिकटतच नाही! मध्ये एक फट असते. सुमारे एका मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी. दोन मज्जापेशींच्या मध्येही अशीच फट असते. अशा सांध्याला शेरिंग्टन यांनी 1897 साली ‘सिनॅप्स’ हे नाव दिले.

मग निरोप फट ओलांडतो कसा? याचे उत्तर ऑटो लोवी यांना, ते स्वतःच सांगत त्याप्रमाणे, स्वप्नात सुचले. रात्री उठून त्यांनी टिपण केले. सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडले, तेव्हा मात्र ते तडक प्रयोगशाळेत गेले. ही 1921 सालची, ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातली गोष्ट. बेडकाच्या एका हृदयाची मज्जा त्यांनी विजेने चेतवली, हृदय मंदावले. त्याभोवतालचे पाणी दुसऱ्या हृदयावर घातले, तेही मंदावले! म्हणजे निरोप द्रवातून गेला होता. त्या निरोप्याचे नाव ॲसिटिलकोलीन. हाच निरोप्या हृदयाला ‘हळू’ म्हणतो आणि हातापायांच्या स्नायूंना ‘हल’ म्हणतो!

निरोप्या फट ओलांडून स्नायूवरच्या ग्राहकांना भेटतो आणि स्नायू आखडतो. लगेच एक विकर त्याचे तुकडे करते. नाहीतर एकच हुकूम घुमत राहील. वहिनींच्या आजारात शरीराचे रक्षकच हे ग्राहक अडवतात, नष्ट करतात. तंतू पुनःपुन्हा हुकूम सोडू लागला की दर खेपेस निरोपे कमी निघतात. निरोगी माणसाला ते पुरतात. इथे पुरत नाहीत. म्हणून काम वाढेल तसा थकवा, आणि विसाव्यानंतर उभारी. मेंदू ठीक, इच्छा ठीक. निरोप तेवढा पोचत नाही.

1934 साली ग्रीनिचच्या मेरी वॉकर या डॉक्टरबाईंनी त्या विकराला आवरणारे औषध देऊन रुग्णाची शक्ती तात्पुरती परत आणली. वहिनींची पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच वंशातली.

हे सारे मी त्यांना समजावून सांगितले आणि शेवटी, चाचरतच, क्षमा मागितली.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “मला ‘ढोंगी’ म्हणाला नाहीत, एवढेच. पण ऐकू तसेच आले होते.”

यंदाही चकल्या वहिनींच्याच आहेत. सकाळी एक घाणा, मग विश्रांती, मग दुसरा. भाजणी मी मळतो. जरा सैल होते. पण अद्याप कोणी हसलेले नाही.