चिलटांच्या बाटल्यांपाशी

कुलाब्यात नेव्हीनगरच्याही पुढं, जिथं मुंबईची जमीनच संपते, तिथं टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांनी १९४५ साली स्थापलेली. या इमारतीचं उद्घाटन नेहरूंनी १९६२ साली केलं. आता ही संस्था अभिमत विद्यापीठ आहे. चित्रकार हुसेन यांचं भिंतभर चित्र, समुद्राकडची बाग यांविषयी पुष्कळांनी लिहिलंय. मला बघायचं होतं ते मेंदूवरचं काम.

घेऊन गेली ती आमच्या कोल्हापूरकडच्या बिद्रीचीच पोरगी. इथं पीएचडी करते. इतकी वर्षं मुंबईत काढूनही "चला काका, मी दाखवतो" असंच म्हणाली. जिवाला बरं वाटलं.

पहिल्याच खोलीत ओळखीचा वास आला. मक्याच्या कण्या शिजताना येतो तसा, जरा आंबूस. भांड्यात मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर रटरटत होतं. खाणार कोण, तर चिलटं! पिकल्या केळ्यांवर, रसवंतीच्या चरकाभोवती घोंघावतात तीच. रांधणारे मामा ती खीर बाटल्यांत बोटभर ओतत होते. काठाला थेंब लागला तर फडक्यानं टिपायचे, मगच पुढची बाटली. "काठाला राहिलं की बुरशी धरते," एवढंच बोलले. मी बराच वेळ त्यांचा हात बघत उभा राहिलो. साखर आमच्या बिद्रीच्या कारखान्याची असेल का, हा विचारही मनात आलाच.

चिलटांवरचं हे काम इथं रुजवलं ओबैद सिद्दीकी यांनी. १९७६ साली त्यांनी आणि अमेरिकी शास्त्रज्ञ सीमोर बेंझर यांनी काही विलक्षण चिलटं जगापुढं मांडली. ऊब वाढली की ती लुळी पडतात, गार झाली की पुन्हा हलायला लागतात. त्यांतल्या एका जातीत चेतापेशीच्या टोकाशी संदेश पुढं सोडायला लागणारं प्रथिनच उष्णतेनं बिघडतं. तसंच प्रथिन आपल्या मेंदूतही आहे.

वरच्या मजल्यांवरची कामगिरी याहून मोठी. गर्भातल्या उंदराच्या मेंदूत स्मरणाचा भाग कुठं घडायचा, हे एक जनुक कसं ठरवतं, ते शुभा तोळे यांच्या गटानं २००८ साली दाखवलं. २०१० साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, २०१४ साली इन्फोसिस. विदिता वैद्य यांना हेच दोन्ही पुरस्कार २०१५ आणि २०२२ साली मिळाले. नैराश्याशी जोडल्या जाणाऱ्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनामुळे चेतापेशींतली ऊर्जाकेंद्रं वाढतात आणि त्या पेशींना ताण सोसायचं बळ येतं, हे त्यांच्या गटानं शोधलं. घरात कुणाला नैराश्यानं घेरलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं मोल सांगायला नको. अशा बातम्या आमच्याकडं पोचतात त्या पुरस्कारापुरत्या, कोपऱ्यातल्या चार ओळींत. काम काय केलं, ते कुणी सांगत नाही.

माझ्या शाळेतला एकुलता एक सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असायचा. दहावीपर्यंत मी त्याला एकदाही डोळा लावला नाही. त्या दिवशी पोरीनं लावायला दिला. चिलटाचा डोळा विटेसारखा लाल, त्यावर शेकडो बारीक भिंगं, मधमाशीच्या पोळ्यासारखी रचलेली.

चहाला बसलो तर तिचं लक्ष सारखं घड्याळाकडं. कोशातून निघालेल्या माद्या आठ तासांच्या आत वेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर नरांशी जुगतात आणि प्रयोग वाया जातो. "रात्री साडेदहाला परत येतो, मग पहाटे," ती म्हणाली. "आईला सांगू नगा."