ससून डॉकची लोखंडी कडी

आमच्या जूचंद्रहून ससून डॉक काही जवळ नाही. नायगावला लोकल धरायची, चर्चगेटला उतरायचे आणि पुढे कुलाब्याची बस. एवढा खटाटोप मी केला तो मासळीसाठी नव्हे, एका लोखंडी कडीसाठी! धक्क्यावरच्या म्हाताऱ्या नाखव्याला तसे सांगितले तेव्हा तो माझ्याकडे पाहतच राहिला. “कसली कडी, मास्तर?”

मग त्याला सारी हकिकत सांगावी लागली.

1896 सालचा ऑक्टोबर. चौथ्या हुसार्स पलटणीचे जहाज मुंबईस लागले. त्यात एकवीस वर्षांचा एक घोडदळाचा अंमलदार होता. मार्लबरोच्या ड्यूकचा नातू, विन्स्टन चर्चिल. स्वारीला किनारा गाठण्याची घाई. होडी ससून डॉकच्या ओल्या पायऱ्यांशी आली. लाटेबरोबर ती चारपाच फूट वरखाली होत होती. त्याने हात पुढे करून भिंतीतली कडी पकडली, तोच होडी मागे सरली आणि उजवा खांदा निखळला.

“खाली जाणाऱ्या होडीतून कडी धरतात काय?” नाखवा म्हणाला. ही अक्कल सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत शिकवत नसावेत!

हा खांदा जन्मभर दगा देत राहिला. कधी पोहताना, तर कधी फळीवरचे पुस्तक काढताना निखळायचा. पोलो खेळायचा तो दंड अंगाला पट्ट्याने बांधून. आणि पोलो हाच तर त्या पलटणीचा खरा धर्म! पूना लाइट हॉर्सकडून पंचवीस तट्टे त्यांनी आधीच विकत घेऊन ठेवली होती. 1899 साली मीरतेस आंतरपलटणी करंडकही जिंकला. गंमत अशी की, 2 सप्टेंबर 1898 रोजी सुदानात ओमदुर्मानच्या धावणीत त्याने तलवारीऐवजी माउझर पिस्तूल घेतले ते या खांद्यापायीच. कदाचित त्यामुळेच आपण वाचलो, असे पुढे त्यालाही वाटे.

पण मला राहून राहून आठवते ती पुण्याची मेजवानी. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टने जेवणानंतर या पोराला चार गोष्टी विचारल्या आणि याने हिंदुस्थानाविषयी सविस्तर मते दिली. देशात येऊन दिवस किती झाले होते? मोजून थोडे! त्याच सुमारास मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांना प्लेग आढळला होता. पुढल्या वर्षी, 22 जूनला, याच गव्हर्नरच्या बंगल्यातून परतणाऱ्या रँडवर चापेकरांची गोळी सुटली.

त्या काळात चर्चिल बंगलोरच्या छावणीचा रहिवासी होता. सकाळी कवायत, संध्याकाळी पोलो, दुपारी आईने पाठवलेले गिबन आणि मेकॉले. वाचन दांडगे, ते मान्य केलेच पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांनी एवढे वाचले असते तर! पण रोमच्या बादशाहांची खडान्‌खडा माहिती असणाऱ्या या तरुणाने छावणीपलीकडची पेठ कितीशी पाहिली? घोड्यावरून जेवढा देश दिसतो तेवढाच त्याचा हिंदुस्थान. त्याच भांडवलावर 1931 साली त्याने गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हटले. 1943 साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा तो इंग्लंडचा पंतप्रधान होता. धान्याच्या जहाजांची मागणी लंडनला पुन्हा पुन्हा जात होती आणि जहाजे पुरेशी मिळत नव्हती.

नाखवा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “नंतर आला का कधी तो इथे?”

“1899 ला गेला, तो परत कधीच नाही.”

त्याने मान हलवली आणि जाळे आवरायला घेतले.