कॉइलचा स्वभाव

जुन्या ट्यूबलाइटचं बटण दाबलं की ती लगेच लागत नाही. दोन-तीनदा मिचमिच करते, टोकं लालसर होतात, मग एकदम उजेड पडतो. एलईडीच्या पट्ट्या आल्यापासून घराघरातली ही मिचमिच कमी झाली. पण जिथे ट्यूबलाइटच्या पत्र्याखाली अजून चोक आहे, तिथे तारेचं साधं वेटोळं काय करू शकतं ते उघड्या डोळ्यांनी दिसतं.

चोक म्हणजे पोलादी पत्र्यांच्या गठ्ठ्याभोवती गुंडाळलेली, इनॅमल चढवलेली तांब्याची तार. बटण दाबल्यावर आधी स्टार्टरच्या इवल्याशा काचबल्बमधला वायू चमकतो. त्या उष्णतेने आतली दोन धातूंची पट्टी वाकून चिकटते आणि चोकमधून, नळीच्या दोन्ही टोकांच्या फिलामेंटमधून करंट वाहू लागतो. पट्टी चिकटली म्हणजे चमक विझते, पट्टी थंड होते आणि सुटते. वाहता करंट असा मध्येच तोडलेला चोकला चालत नाही. तो टिकवायच्या खटपटीत चोक स्वतःच्या दोन टोकांत काही शे व्होल्टचा झटका उभा करतो आणि त्या झटक्याने नळी पेटते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा करंट शून्यावरून जातो. पट्टी नेमकी त्या सुमारास सुटली तर झटका दुबळा निघतो, नळी पेटत नाही आणि स्टार्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. ती मिचमिच म्हणजे हे हुकलेले प्रयत्न.

नळी लागली तरी चोकची सुट्टी होत नाही. पेटलेल्या वायूचा रोध करंट वाढेल तसा घटतो, त्यामुळे करंट आणखी वाढतो. नळी थेट २३० व्होल्टला जोडली तर क्षणात निकामी होईल. चोक तो करंट अर्ध्या अँपिअरच्या आत धरून ठेवतो, आणि त्यासाठी फारशी वीज जाळत नाही.

तारेच्या वेटोळ्याचा, म्हणजे कॉइलचा, सगळा स्वभाव या चोकमध्ये दिसतो. एकसारखा वाहणारा करंट ती निमूट जाऊ देते. तो वाढवायला किंवा तोडायला गेलं की अडते. भरलेली बैलगाडी जागची हलवायला जोर लागतो आणि चालू लागल्यावर थांबवायलाही लागतो, तसं. करंट वाहताना तारेभोवती चुंबकी क्षेत्र उभं राहतं आणि त्यात ऊर्जा साठते. करंट बदलायचा तर ती ऊर्जा आधी भरावी किंवा काढून घ्यावी लागते, आणि त्याला वेळ हवा. वेळ न देता काढायला गेलं की ती ठिणगीच्या रूपाने बाहेर पडते.

तारेतल्या विजेने होकायंत्राची सुई हलते हे डेन्मार्कच्या ऑर्स्टेडने १८२० मध्ये दाखवलं. पाचएक वर्षांत इंग्लंडच्या स्टर्जनने वाकवलेल्या लोखंडाभोवती तार गुंडाळून विद्युतचुंबक केला. त्याची तार उघडी होती, म्हणून त्याने लोखंडाला वार्निश दिलं आणि वेढे एकमेकांना लागू नयेत म्हणून लांब लांब ठेवले. अमेरिकेत आल्बनीच्या जोसेफ हेन्रीने तारेलाच रेशमाचं आवरण चढवलं. आता वेढ्याला वेढा भिडवता आला, थरावर थर चढवता आले, आणि १८३१ मध्ये त्याने येल कॉलेजसाठी केलेल्या चुंबकाने ९०० किलोंहून जास्त वजन उचललं. माझ्या मते या इतिहासातला खरा नायक तो रेशमाचा धागा आहे. त्याच वर्षी २९ ऑगस्टला लंडनमध्ये फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन वेगळ्या कॉइल गुंडाळल्या. एकीला बॅटरी जोडताना दुसरीला जोडलेली सुई हलली, तोडताना उलट दिशेला हलली, आणि मधल्या काळात करंट वाहत असूनही स्वस्थ राहिली. ट्रान्सफॉर्मर तिथेच जन्मला. लांब तारेच्या वेटोळ्यातला करंट तोडताना ठिणगी पडते हे हेन्रीने १८३२ मध्ये छापलं. आज कॉइलच्या या अडण्याचं माप त्याच्याच नावाने, हेन्रीमध्ये, मोजतात.

वेढे दुप्पट केले तर हे माप चौपट होतं. आत लोखंड घातलं तर कित्येक पटींनी वाढतं. पण लोखंड सलग चालत नाही, कारण बदलत्या क्षेत्रामुळे त्याच्या अंगातच भोवरे-प्रवाह फिरू लागतात आणि ते तापतं. म्हणून पातळ पत्रे, आणि दोन पत्र्यांमध्ये वीज अडवणारा थर. पत्रे सैल झाले की चोक गुणगुणतो. वारंवारता हजारोंच्या घरात गेली की पत्रेही पुरत नाहीत. तिथे फेराइट नावाचं काळं, मातीच्या भांड्यासारखं ठिसूळ चुंबकी द्रव्य लागतं. मोबाइलचा चार्जर जुन्या ॲडाप्टरपेक्षा इतका हलका का, याचं उत्तरही वारंवारतेत आहे. तो ५० हर्ट्झची वीज आधी सरळ करतो, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. दर खेपेला कॉइलने थोडीशीच ऊर्जा पेलायची असल्यामुळे बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो.

फ्रीजच्या स्टॅबिलायझरमधून अधूनमधून ‘टक्’ आवाज येतो तो रिलेचा. कॉइलमध्ये करंट गेला की ती लोखंडी पट्टी ओढते, पट्टी संपर्क बदलते आणि ट्रान्सफॉर्मरचा दुसरा फाटा जोडला जातो. बाजारात मिळणाऱ्या चौकोनी प्लास्टिकच्या १२ व्होल्टच्या रिलेला जेमतेम ३० मिलिअँपिअर पुरतात. मात्र तो ट्रान्झिस्टरने चालवायचा तर कॉइलला उलटा डायोड लावावाच लागतो. ट्रान्झिस्टर बंद होताच कॉइल ट्यूबलाइटमधला तोच झटका देते, आणि इथे पेटवायला वायू नसल्याने बळी ट्रान्झिस्टरचा जातो. डायोड तिचा करंट तिलाच फिरवून देतो, विरेपर्यंत. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या पोरांनी जाळलेल्या ट्रान्झिस्टरांत या विसरलेल्या दोन रुपयांच्या डायोडचा वाटा मोठा असणार.

महाराष्ट्रात कॉइलशी सगळ्यात जवळून गाठ पडते ती शेतकऱ्याची. विहिरीवरच्या पेटीत मोटारीचा स्टार्टर असतो आणि त्यात नो-व्होल्ट कॉइल. हिरवं बटण दाबलं की ती लोखंडी तुकडा खेचून तिन्ही फेजचे संपर्क जुळवते आणि धरून ठेवते. वीज गेली की तुकडा सुटतो, त्यामुळे वीज आल्यावर मोटार आपोआप सुरू होत नाही. एसी करंट शून्यावरून जाताना पकड सैल पडू शकते. ती होऊ नये म्हणून लोखंडाच्या तोंडाशी तांब्याचं छोटं कडं बसवलेलं असतं. त्यात उमटणारा करंट थोडा मागून येतो आणि मुख्य क्षेत्र शून्यावर असताना पकड सांभाळतो. हे कडं तुटलं की स्टार्टर घरघरायला लागतो.

व्होल्टेज कमी असताना ही कॉइल जळते. कमी दाबाने काही जळावं हे चटकन पटत नाही. पण कॉइलचा करंट नुसत्या तारेच्या रोधावर ठरत नाही, लोखंडाचा रस्ता किती पूर्ण आहे यावरही ठरतो. दाब कमी पडला की तुकडा पूर्ण खेचला जात नाही, मध्ये फट राहते, फटीमुळे कॉइलचा विरोध घटतो आणि ती दाबाच्या मानाने फार जास्त करंट ओढत बसते. पाच-दहा मिनिटांत धूर.

थ्री-फेज वीज रात्रीची आली तर पंप चालू करायला अंधारात शेतावर कोण जाणार? म्हणून पुष्कळांनी ‘ऑटो’ बसवले. वीज येताच ते मोटार सुरू करतात. पण सुरू होताना मोटार नेहमीच्या सहापट करंट खेचते. एका डीपीवरचे (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे पंप एकाच क्षणी उठले तर ट्रान्सफॉर्मरची कॉइल जळते आणि मग सगळी शिवारं कोरडी. महावितरण ऑटो काढा, कपॅसिटर लावा असं सांगत असतं ते यासाठी. मोटारीच्या कॉइलला क्षेत्र उभं करायला लागणारा करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो आणि काहीही काम न करता डीपी ते विहीर अशा येरझारा घालतो. कपॅसिटर तोच करंट विहिरीवरच पुरवतो. तारांवरचा भार कमी होतो, दाब सुधारतो. ऑटो बसवल्याबद्दल शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण दिवसा वीज मिळाली तर ऑटो कोणी विकत घेणार नाही.

मोटार जळलीच तर ती तालुक्याच्या गावी भरायला जाते. एक फेज गेली आणि उरलेल्या दोनांवर मोटार ओढत राहिली, हे नेहमीचं कारण. रिवाइंडिंगवाला जुन्या कॉइलचे वेढे मोजतो, तारेचं गेज बघतो, जोडण्या वहीत उतरवतो. जळकी तार किलोवर भंगारात जाते. साध्या मोटारीला फॉर्म्यावर कॉइल गुंडाळून, स्लॉटमध्ये कागद घालून, त्या एकेक बसवतात, दोऱ्याने बांधतात, वार्निश पाजून वाळवतात. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबल मोटारीत इनॅमल टिकत नाही. तिला प्लास्टिकचं आवरण असलेली पॉली वायर लागते आणि ती स्लॉटमधून हाताने ओवून काढावी लागते. जुनं वाइंडिंग सोडवायला स्टेटर आगीत टाकणारेही आहेत. त्याने पत्र्यांमधला थर जळतो आणि मोटार पुढे कायम जास्त तापते, जास्त वीज खाते. चांगला कारागीर ते टाळतो. शेवटी मेगरने बॉडीला लीकेज नाही ना ते बघून तो मोटार चालवतो आणि तिन्ही तारांना आळीपाळीने करंट मोजायचा टाँगटेस्टर लावतो. आकडे सारखे आले की गाडी घेऊन या म्हणून फोन जातो; एका फेजचा आकडा वेगळा दिसला, तर पुन्हा वेढे मोजायला बसावं लागतं.