लाईट जाऊन आली की बरा चालायचा

केलगेरीत पावसाळ्यात वीज गेली तर कुणी त्याची बातमी करत नाही. धारवाडच्या पश्चिमेला, गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे जुनं गाव आता महापालिकेच्या हद्दीत मोडतं. तलाव आहे, जवळच कर्नाटक विद्यापीठाचा परिसर आहे, झाडी भरपूर. पावसाची झड लागली की कुठेतरी फांदी पडते, तार तुटते आणि तासभर अंधार. तिथे राहणाऱ्या आमच्या काकूंनी यंदा कंटाळून मृगाच्या आधीच इन्व्हर्टर बसवून घेतला. अंधार गेला, पण टीव्ही मंदावला.

मंदावला म्हणजे कसा, ते शेजारी बसून पाहावं. रिमोटचं उजवीकडचं बटण दाबलं की पडद्यावर काही हलत नाही. माणूस पुन्हा दाबतो. मग चिडून तिसऱ्यांदा. तोवर पहिलं दाबणं आत पोचलेलं असतं, मागची दोन रांगेत उभी असतात, आणि एकदम तिन्ही हुकूम पाळले जाऊन चौकट हव्या त्या मालिकेच्या दोन घरं पुढे जाऊन बसते. परत यायला डावीकडचं बटण, पुन्हा तोच खेळ. काकू रिमोटच्या पाठीवर थाप मारतात. रिमोट बिचारा ठणठणीत असतो.

काकूंना टीव्हीवर मराठी मालिका लागतात. केबलच्या पॅकेजात कन्नड वाहिन्यांची रेलचेल, म्हणून मराठी सगळं ॲपवर. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या, जी. ए. कुलकर्णींनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलेल्या धारवाडात मराठी ऐकायला आज वायफाय लागतं, हे काकूंना विचित्र वाटत नाही. मला थोडं वाटतं.

दुरुस्तीला आला तो गल्लीतलाच मुलगा, धारवाडात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा. काकू त्याला तम्मा म्हणतात, तो त्यांना अक्कार. आल्या आल्या त्याने रिमोट हातात घेतला आणि काही बोलण्याआधी नुसता होम पडदा वरखाली केला. डॉक्टर जीभ बघतात तसा. मग म्हणाला, "स्टोरेज भरलंय री अक्कार. कॅशे काढतो. स्वल्प तडीरी." म्हणजे जरा थांबा.

हा उपाय आता घरोघरी पोचलेला आहे. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग 'सी ऑल ॲप्स', मग एकेक ॲप उघडून 'क्लिअर कॅशे'. टीव्ही मंद असल्यामुळे ही वाटसुद्धा मंदच चालायची. यादी उलगडली तेव्हा काकू चष्मा पुसून पुढे सरकल्या. यूट्यूब, मालिकांची दोन ॲप्स, बातम्यांचं एक, भजनांचं एक, आणि टीव्हीबरोबरच आलेली, कुणी कधीच न उघडलेली आणखी कितीतरी. एका ॲपच्या पानावर तीन ओळी दिसत होत्या: ॲप किती जागा खातं, डेटा किती, कॅशे किती. मूळ ॲपपेक्षा कॅशेचा आकडा मोठा होता. तम्माने त्यावर बोट रोखलं, चोर सापडल्यासारखं.

पण हा माल चोरीचा नव्हे. ॲप उघडलं की मालिकांची चित्रं चौकटीचौकटीत दिसतात. ती दर वेळी इंटरनेटवरून आणायची म्हटली तर वाट पाहावी लागेल, म्हणून एकदा आणलेलं चित्र टीव्हीच्याच पोटात ठेवून दिलं जातं. कॅशे म्हणजे हाताशी ठेवलेला हा साठा, आणि तो ठेवतात तो वेग वाढावा म्हणूनच. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली एका छोट्या निबंधात ही युक्ती मांडली: मोठ्या, संथ स्मृतीच्या पुढ्यात एक छोटी, चपळ स्मृती ठेवायची आणि वारंवार लागणारं तिथे उतरवून घ्यायचं. तीन वर्षांनी आयबीएमच्या सिस्टिम ३६० मॉडेल ८५ या अवाढव्य यंत्रात ती विक्रीला आली. आज हीच युक्ती प्रोसेसरमध्ये आहे, ब्राउझरमध्ये आहे आणि इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रांतही आहे. नेटफ्लिक्स आपल्या चित्रपटांच्या प्रती भरलेल्या पेट्या जगभरच्या इंटरनेट कंपन्यांकडे ठेवते, त्या याच कारणासाठी.

मग जो साठा वेगासाठी ठेवला, तो काढल्यावर वेग वाढेल कसा? वाढतो, पण एकाच परिस्थितीत: जागा संपत आली असेल तर. काकूंच्या टीव्हीत साठवणीची जागा ८ जीबी. त्यातला मोठा वाटा यंत्रणेचाच, उरलेल्यात ॲप्स आणि त्यांचं सामान. ही फ्लॅश स्मृती. तिच्यात लिहिलेल्यावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी अख्खा तुकडा पुसावा लागतो, आणि त्यात कामाचं काही असेल तर ते दुसरीकडे हलवावं लागतं. मोकळी जागा असली की ही हलवाहलव निवांत होते. नसली की प्रत्येक बारीक नोंदीसाठी घरभर सामान सरकवणं आलं, आणि तोवर रिमोटचा हुकूम ताटकळतो.

'क्लिअर कॅशे'च्या शेजारीच 'क्लिअर डेटा' असतं, आणि खरी धास्ती तिथे. कॅशे गेलं तर चित्रं जातात, ती पुन्हा येतात. डेटा गेला की ॲप आपल्याला ओळखेनासं होतं: पुन्हा नंबर घाला, ओटीपी मागवा, पासवर्ड असेल तर पडद्यावरच्या कळफलकावर रिमोटने एकेक अक्षर वेचत बसा. काकूंना वेगळीच काळजी होती. "अरे तम्मा, मी कुठवर बघितलंय ते पुसून जाईल की रे." तसं होत नाही. कुठवर पाहिलं याची नोंद खात्यावर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर असते. पुन्हा लॉगिन केलं की मालिका सोडली तिथूनच सुरू होते. तम्माने डेटाच्या बटणाला हात लावला नाही. हे त्याचं शहाणपण.

सगळी ॲप्स फिरून झाली. मोकळ्या जागेचा आकडा वाढला. तम्मा म्हणाला, "आत नोड्री," म्हणजे झालं बघा. मालिकांचं ॲप उघडलं तर चौकटी राखाडी. एकेक चित्र वरून खाली उमटत गेलं, पहिल्यापेक्षाही सावकाश, कारण आता सगळं नव्याने इंटरनेटवरून येत होतं. हे अपेक्षितच, दुसऱ्यांदा उघडलं की बरं होतं. पण दुसऱ्यांदाही रिमोटची रड फार कमी झाली नाही. थोडा फरक होता, तो मनाचाही असू शकेल.

काकू तेव्हा सहज बोलल्या, "पूर्वी लाईट जाऊन आली की बरा चालायचा."

तम्मा थांबला. पुन्हा सेटिंग्जमध्ये शिरला, पण यावेळी ॲप्सकडे न जाता 'अबाउट', तिथून 'स्टेटस'. सगळ्यात खाली 'अप टाइम' नावाची ओळ होती आणि तिच्यापुढे १९००च्या वरचा आकडा. तासांचा. म्हणजे जवळजवळ ऐंशी दिवस हा टीव्ही एकदाही पुरता बंद झालेला नव्हता. इन्व्हर्टर बसल्या दिवसापासून, असंच म्हणायला हवं.

रिमोटचं लाल बटण दाबून आपण टीव्ही बंद करतो तेव्हा तो डुलकी घेतो. पडदा काळा होतो, आतला संगणक मात्र चालू स्थिती जपून पडून राहतो, सकाळी झटकन उठता यावं म्हणून. काकूंच्या टीव्हीत काम करायची स्मृती, म्हणजे रॅम, जेमतेम १ जीबी. दोन-तीन ॲप्सनी तीत ठाण मांडलं की नव्याला जागा मिळवायला यंत्रणेची ओढाताण होते. काही ॲप्स घेतलेली जागा परत करायला विसरतात, आणि ती गळती दिवसागणिक साचते. कॅशे पुसण्याचा या साचण्याशी संबंध नाही, कारण ते साठवणीत असतं आणि हे रॅममध्ये. रॅम रिकामी होते ती वीज तुटल्यावर. केलगेरीतला पाऊस आजवर दर आठवड्याला हे काम फुकटात करत होता. इन्व्हर्टरने ते थांबवलं.

तम्माने प्लग उपटला, चहा होईपर्यंत तसाच ठेवला आणि परत लावला. टीव्ही उठायला नेहमीपेक्षा वेळ लागला, पण उठल्यावर चौकट बोटाबरोबर धावू लागली. (ओएलईडी पडदा असेल तर मात्र रिमोटने बंद केल्याबरोबर प्लग उपटू नये, तो बंद झाल्यावर काही वेळ आपल्या पिक्सेलची डागडुजी करत असतो. काकूंचा साधा एलईडी आहे.) मग त्याने होम पडद्यावर आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद केले आणि कुणी न उघडलेली ॲप्स काढून टाकली. जी निघत नव्हती ती 'डिसेबल' केली. हे दोन्ही उपाय कॅशे पुसण्यापेक्षा टिकाऊ आहेत. कॅशे आठवडाभरात पुन्हा भरतं; भरायलाच हवं, तो त्याचा धर्म. दर रविवारी ते पुसत बसणाऱ्यांचा मला अचंबा वाटतो. आणि एका बटणात टीव्ही स्वच्छ करून देणारी जी 'क्लीनर' ॲप्स मिळतात, त्यांनी तर स्वतःच जागा अडवलेली असते. जागा अगदीच संपत आली तर अँड्रॉइड आपणहून कॅशे उडवतं.

या स्वस्त साठवणीला आयुष्याचीही मर्यादा असते, कारण फ्लॅशचा प्रत्येक तुकडा ठरावीक वेळाच पुसता येतो. २०२१ साली अमेरिकेत टेस्लाला सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या याच कारणाने परत बोलवाव्या लागल्या. गाडीच्या मधल्या पडद्यामागची फ्लॅश सततच्या नोंदींनी झिजत होती आणि मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसेनासं होत होतं. ती फ्लॅशही ८ जीबीचीच. टीव्हीचा पडदा दहा वर्षं चालेल, त्यामागचा संगणक चार-पाच वर्षांत म्हातारा होतो, आणि दुकानदार अख्खा टीव्ही बदलायला सांगतो. एचडीएमआयच्या भोकात लावायची एक छोटी स्टिक घेतली तर जुन्या पडद्याला नवा मेंदू मिळतो, टीव्हीच्या किमतीच्या लहानशा भागात. तम्मानेही तेच सांगितलं. पुढच्या वर्षी बघू, असं काकू म्हणाल्या.

तोवरचा उपाय भिंतीवरचा: रात्री झोपताना बटण बंद. तम्माने स्विचबोर्डवर मार्करने कन्नडमध्ये तसं लिहिलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन, टीव्ही झकास चालू आहे, पण व्हॉट्सॲप का येत नाही? बटण रात्रीचं बंदच होतं का, विचारलं. नाही, टीव्हीसाठी लावलं की. मग कळलं की वायफायचा राउटर त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर आहे. रात्री तोही टीव्हीबरोबर झोपतो, आणि सकाळी त्याला जुळायला टीव्हीपेक्षा जास्त वेळ लागतो. तम्मा संध्याकाळी दुकानातून वेगळा बोर्ड घेऊन येणार आहे.