ग्रीक नगरराज्यांचे वैर : एका वर्षातील दोन निकाल

इतिहासाच्या तासाला 'ग्रीक लोक' हा शब्द आपण सहज वापरतो. पहिल्या वर्षाला असताना मला वाटे की, ग्रीस नावाचा एक देश असेल, त्याला एक राजा असेल आणि अथेन्स ही त्याची राजधानी असेल. प्रत्यक्षात तसा देशच नव्हता. डोंगरांनी तोडलेल्या खोऱ्यांतून, बेटांवर आणि समुद्रकाठी सुमारे एक हजार नगरराज्ये पसरली होती. 'पोलिस' हा त्यांना त्यांचा शब्द. (आपल्या चौकीतल्या पोलिसाचे मूळही फिरून फिरून तेथेच पोहोचते!) भाषा एक, देव तेच, ऑलिंपियाचे सामने सर्वांचे, पण कायदा निराळा, नाणे निराळे, महिन्यांची नावेसुद्धा निराळी. शेजारच्या नगराचा मनुष्य म्हणजे परका.

या सर्वांत अथेन्स आणि स्पार्टा ही दोन टोके होत. अथेन्समध्ये नागरिक प्निक्स टेकडीवर जमून हात वर करून युद्धाचा व तहाचा निर्णय घेत. अर्थात नागरिक म्हणजे प्रौढ पुरुष. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक त्यात नाहीत. स्पार्टात एकाच वेळी दोन राजे, साठीच्या पुढच्यांचे ज्येष्ठमंडळ आणि दरवर्षी निवडले जाणारे पाच एफोर. मुलगा सात वर्षांचा झाला की घर सुटले आणि छावणी सुरू झाली. या कडक शिस्तीचे आपल्याकडे फार कौतुक होते. परंतु तिच्या मुळाशी भीती होती, असे मला वाटते. स्पार्टाची शेती हेलॉट कसत. ते जिंकून दास केलेले लोक होते आणि मालकांपेक्षा संख्येने पुष्कळच जास्त होते. दरवर्षी एफोर या हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारीत, म्हणजे हेलॉटाला मारले तरी पाप लागू नये, असे प्लूटार्कने नोंदविले आहे. स्वतःच्याच शेतावरच्या माणसांशी युद्ध!

इराणचे सैन्य चालून आले तेव्हा इ. स. पू. ४८० व ४७९ मध्ये हे दोघे एकत्र लढले. धोका टळताच वाटा फुटल्या. इराणविरुद्ध म्हणून अथेन्सने बेटांचा व किनाऱ्यावरील नगरांचा संघ उभारला. त्याचा खजिना डेलॉस बेटावर असे, इ. स. पू. ४५४ मध्ये तो अथेन्सला हलविण्यात आला. मित्रांची वर्गणी हळूहळू खंडणी झाली. अथेन्सच्या या वाढत्या बळाची स्पार्टाला धास्ती वाटली, हेच युद्धाचे खरे कारण होय, असे थ्युसिडिडीस म्हणतो. तो स्वतः अथेन्सचा सेनापती. अपयश आले म्हणून वीस वर्षे हद्दपार झालेला. त्यामुळे त्याला दोन्ही बाजू पाहता आल्या. हे पेलोपोनेशियन युद्ध इ. स. पू. ४३१ ते ४०४ पर्यंत चालले. त्यातील सगळ्या लढाया येथे सांगत नाही. इ. स. पू. ४२७ या एका वर्षातील दोन निकाल मात्र सांगावेसे वाटतात.

पहिला प्लाटीआचा. हे लहानसे नगर थीब्जच्या शेजारी, पण अथेन्सच्या बाजूचे. इ. स. पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावर अथेन्सच्या शेजारी उभे राहिले ते हेच प्लाटीआ. स्पार्टा व थीब्ज यांनी त्याला वेढा घातला, तेव्हा आत ४०० प्लाटीअन, ८० अथेनियन आणि त्यांच्या भाकरी भाजण्यासाठी मागे राहिलेल्या ११० स्त्रिया एवढीच माणसे होती. शत्रूने भोवती विटांची भिंत बांधली. आतल्यांनी दुरूनच तिच्या विटांचे थर मोजले. एकाची मोजदाद चुकेल म्हणून पुष्कळ जणांनी पुन्हा पुन्हा मोजले आणि त्या हिशेबाने शिड्या केल्या. पावसापाण्याच्या एका अंधाऱ्या रात्री २१२ जण निसटले. चिखलात घसरू नये म्हणून त्यांनी एका डाव्याच पायात जोडा घातला होता!

मागे राहिलेले पुढे उपासमारीने शरण आले. स्पार्टाहून पाच न्यायाधीश आले. आरोप वगैरे काही नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न : या युद्धात तू स्पार्टाचे व तिच्या मित्रांचे काही भले केले आहेस काय? उत्तर 'नाही' हेच येणार. दोनशेहून अधिक प्लाटीअन आणि २५ अथेनियन मारले गेले.

दुसरा निकाल मिटिलीनीचा. लेस्बॉस बेटावरील हे नगर अथेन्सविरुद्ध उठले व हरले. संतापलेल्या अथेन्सच्या सभेने ठराव केला की, तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे, स्त्रियांना व मुलांना गुलाम करावे. हुकूम घेऊन जहाज निघालेही. दुसऱ्या दिवशी लोकांच्या मनाला टोचणी लागली आणि सभा पुन्हा भरली. क्लीऑन म्हणाला, ठराव बदलणाऱ्या लोकशाहीला साम्राज्य पेलणार नाही. डायोडोटसने दयेची भाषा केलीच नाही. तो म्हणाला, आपला फायदा पाहा. सरसकट मारले तर पुढचे नगर शेवटपर्यंत लढेल आणि उद्ध्वस्त नगराकडून खंडणी तरी कसली मिळणार? हात जवळजवळ सारखेच वर आले. डायोडोटस थोडक्यात जिंकला.

दुसरे जहाज निघाले तेव्हा पहिले एक दिवस व एक रात्र पुढे गेलेले होते. मिटिलीनीच्या वकिलांनी वल्हेकऱ्यांना सातूचे पीठ व मद्य पुरविले. तेलात व मद्यात कालवलेले पीठ खात त्यांनी वल्ही मारली. पाळीपाळीने झोपले, पण जहाज थांबविले नाही. पहिले जहाज अशा कामगिरीवर रेंगाळतच चालले होते. तरीही ते आधी पोहोचले. सेनापतीने हुकूम वाचला आणि अंमल करणार, एवढ्यात दुसरे जहाज बंदरात शिरले.

नगर वाचले, पण बंडाचे पुढारी म्हणून हजारावर माणसे मारण्यात आलीच, असे थ्युसिडिडीस लिहितो. पाठ्यपुस्तके हे बहुधा गाळतात.

ही हकीगत मी घरी आईला सांगितली. ती शाळेत गेलेली नाही. जहाजाचे ऐकून तिला बरे वाटले, मग तिने विचारले, "अन् त्या भाकरी भाजणाऱ्या बाया?" मी पुस्तक पुन्हा उघडले. त्यांच्याविषयी एकच ओळ आहे : त्यांना गुलाम करण्यात आले. प्लाटीआ जमीनदोस्त करून तेथे हेरादेवीच्या मंदिराजवळ एक धर्मशाळा बांधली.

अथेन्सने तरी धडा घेतला होता काय? इ. स. पू. ४१६ मध्ये मेलॉस बेट शरण आले, तेव्हा त्याच सभेच्या राज्याने तेथील पुरुष मारले, स्त्रिया-मुले विकली. या वेळी दुसरे जहाज निघाले नाही. इ. स. पू. ४०५ मध्ये अथेन्सचे आरमार गमावल्याची बातमी आली, त्या रात्री नगरात कोणी झोपले नाही. मेलॉसच्या लोकांना आपण जे केले ते आता आपल्या वाट्याला येणार, ही धास्ती होती. कॉरिंथ व थीब्ज यांची मागणी तीच होती. स्पार्टाने ती नाकारली. इराणविरुद्धच्या संकटात ज्या नगराने ग्रीसची सेवा केली त्याला आम्ही गुलाम करणार नाही, असे सांगितले. प्लाटीआच्या लोकांनीही आपल्या न्यायाधीशांपुढे त्याच सेवेची आठवण दिली होती. त्यांचे कोणी ऐकले नव्हते. अथेन्सच्या लांब भिंती मात्र पाडण्यात आल्या. बासऱ्या वाजत होत्या आणि ग्रीसचे स्वातंत्र्य आजपासून सुरू झाले, असे पाडणारे म्हणत होते.